जंक्शनचं गाव

"कुठे राहता तुम्ही?" हा तसा साधा प्रश्न. पण वेस्ट विंडसरच्या माणसाला त्याचं उत्तर एका दमात देता येत नाही. समोरचा न्यू जर्सीबाहेरचा असेल तर आम्ही सरळ "प्रिन्स्टन" म्हणून मोकळे होतो. एडिसनकडचा असेल तर "प्रिन्स्टन जंक्शन" म्हणतो, कारण गाडीत बसून त्याने ते नाव ऐकलेलं असतं. आणि शाळेत जाणारी मुलं असलेला मराठी माणूस असेल तरच "वेस्ट विंडसर" म्हणतो. तो लगेच मान डोलावतो, "हां हां, शाळांसाठी घेतलंत ना घर?"

घेतलं होतं खरं शाळांसाठीच. 2012 साली, लेक बालवाडीत जाण्याच्या बेतात असताना. आता तिची शाळा संपली, ती कॉलेजात गेली, आणि सध्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एकच विषय असतो: घर विकायचं का? त्या निमित्ताने गेली इतकी वर्षं आपण नक्की कुठे राहिलो, याचा हिशेब मांडायला बसलो आहे. इंजिनियर माणूस, हिशेबाशिवाय झोप येत नाही!

मी मूळचा मिरजेचा. वडील रेल्वेत होते. माझ्या लहानपणी मिरज स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या यायच्या. त्यातली नॅरोगेज म्हणजे कुर्डुवाडीकडे डुलत डुलत जाणारी बार्शी लाईट. शेजारची सांगली संस्थानची राजधानी, तिचा रुबाब वेगळा. पण गाडी बदलायला सगळ्यांना यावं लागायचं ते मिरजेलाच.

वडील 2013 साली इकडे आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा स्टेशन दाखवायला नेलं. रेल्वेच्या माणसाला दुसरं काय दाखवणार? न्यूयॉर्कच्या गाड्या धडधडत गेल्या, त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. पण पलीकडच्या फलाटावर एक चिमुकली गाडी उभी होती. तिला इथे 'डिंकी' म्हणतात. पावणेतीन मैलांची लाईन, पाच मिनिटांचा प्रवास, जंक्शन ते प्रिन्स्टन आणि परत. वडील खूश होऊन म्हणाले, "अरे, ही तर आपली बार्शी लाईट!" मुख्य लाईन 1864 च्या सुमारास कालव्याच्या काठावरून उचलून इकडे आणली, प्रिन्स्टन बाजूला पडलं, म्हणून 1865 साली हा फाटा टाकावा लागला, हे सांगितल्यावर तर ते म्हणाले, "म्हणजे सांगली तिकडं आणि मिरज इकडं. बरोबर जागी घर घेतलंस."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. वेस्ट विंडसर टाउनशिपची स्थापना 1797 ची, म्हणजे गाव काही कालचं नाही. पण नाव नेहमी शेजाऱ्याचं! आमच्या हद्दीत, रूट वनजवळ, 1942 साली आरसीए कंपनीची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. रंगीत टेलिव्हिजन आणि पुढे 1960 च्या दशकात लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले यांवरचं पायाभूत काम तिथे झालं. आज तुमच्या-आमच्या हातातल्या पडद्याचे पूर्वज इथले. पण पत्ता प्रिन्स्टनचा, त्यामुळे श्रेयही प्रिन्स्टनला. आमच्या गावाचं स्वतःचं असं नाव झालं ते एकदाच, आणि तेही मंगळावरच्या लोकांमुळे. 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळवासी उतरले ते ग्रोव्हर्स मिलला. ती वाडी आमच्याच टाउनशिपमधली. नाटक बातम्यांच्या थाटात केलेलं, त्यामुळे काही श्रोत्यांची घाबरगुंडी उडाली. त्या प्रसंगाला पन्नास वर्षं झाली म्हणून 1988 साली तळ्याकाठच्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये स्मारक बसवलं. आलेल्या पाहुण्याला आम्ही ते हमखास दाखवतो. दाखवायला दुसरं आहे काय?

वडिलांनी चौथ्या दिवशी नेमका हाच प्रश्न विचारला. "घरं बघितली, झाडं बघितली. पण गाव कुठाय रे? पार कुठाय? माणसं बसतात कुठं?"

मी गप्प. कारण वेस्ट विंडसरला बाजारपेठेचा असा रस्ता नाही. सव्वीस चौरस मैलांत विखुरलेल्या वसाहती, मधूनमधून शिल्लक राहिलेली शेतं, आणि एका टोकाला रूट वनची दुकानं. 1990 साली इथली वस्ती सोळा हजार होती, 2020 च्या जनगणनेत ती साडेएकोणतीस हजारांवर गेली. घरं वाढली, चौक काही झाला नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढायची. शेजाऱ्याची ओळख मुख्यतः त्याच्या गॅरेजच्या दारावरून. दार वर गेलं, गाडी आत गेली, दार खाली आलं, झाली भेट!

मग या सगळ्यांना एकत्र बांधणारं आहे तरी काय? उत्तर एकच: शाळा. शेजारच्या प्लेन्सबरोबरची आमची शाळा संयुक्त आहे. मालमत्ता कराच्या बिलातला निम्म्याहून जास्त भाग तिच्याकडे जातो. घरांचे भाव तिच्यावर ठरतात, पार्टीतल्या गप्पा तिच्यावर चालतात. गावात मराठी माणसं भरपूर. 2017 साली तर हेमंत मराठे महापौर म्हणून निवडून आले. पण दोन मराठी कुटुंबं भेटली की तिसऱ्या वाक्याला गणिताचा क्लास आलाच.

2015 च्या शरद ऋतूत हे सगळं उघड्यावर आलं. सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. त्याआधीच्या वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या 120 मुलांना मानसिक तपासणीचा सल्ला द्यावा लागला होता आणि 40 मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी आली, लहान वर्गांतलं प्रगत गणित कमी करायचं ठरलं. गावात उभी फूट पडली. वाद न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत पोचला, आणि त्यात आपली आशियाई मंडळी बहुतेक एका बाजूला दिसली.

मीही त्याच बाजूला होतो, हे कबूल करतो. लेक तेव्हा तिसरीत. सभेत मागच्या रांगेत उभा राहून मी मनातल्या मनात म्हणत होतो, "अहो, परीक्षाच नाही तर पोरं शिकणार काय? आम्ही काय कमी अभ्यास केला? काही झालं का आम्हाला?" शाळेने कमी केलं ते मी घरी भरून काढलं. शनिवारी गणित, रविवारी आणखी एक क्लास. दोन्हीकडे सोडायला-आणायला मीच, आणि या ड्रायव्हरकीचा मला अभिमान होता.

ती अकरावीत असताना एका रात्री साडेअकराला कचरा बाहेर ठेवायला गेलो. ड्राइव्हवेत गाडी उभी, आत ती. इंजिन बंद, दिवे बंद. अपघात-बिपघात तर नाही, म्हणून धावलो. तिने काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "काही नाही झालं बाबा. इथे बसलं की कोणी काही विचारत नाही. मी रोजच बसते."

रोजच! आणि मला पत्ता नाही.

त्या रात्री मला वडिलांचा पार आठवला. मिरजेत मला बारावीचा ताण कमी नव्हता. पण घराबाहेर पडलं की स्टेशनाचा पूल होता, दर्ग्याचा रस्ता होता, सतारीवाल्यांच्या गल्लीत दाराशी बसून भोपळ्यांवरचं काम बघता यायचं. माझे मार्क न विचारणारी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर होती. माझ्या मुलीला मी आमच्यापेक्षा उत्तम शाळा दिली, मोठी खोली दिली. पण घर आणि शाळा सोडून तिसरी जागाच दिली नाही. गावाचं सगळं ओझं आम्ही शाळेवर टाकलं आणि शाळेचं पोरांवर. 'आम्हाला काय झालं?' या माझ्या प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षांनी ड्राइव्हवेत मिळालं: आम्हाला गाव होतं.

रविवारचा क्लास दुसऱ्याच आठवड्यात बंद केला. गणिताचा तिने स्वतःहून चालू ठेवला, तेही सांगायला हवं. शनिवारी दुपारी ती डिंकीने एकटी प्रिन्स्टनला जाऊ लागली. काय करतेस, असं मी विचारायचं नाही, हा करार. एकदा तीच म्हणाली, "काही नाही, चालते." पावणेतीन मैलांच्या त्या गाडीचे मी फार उपकार मानतो.

आणि मी? मीही गाव शोधायला लागलो. स्टेशनाच्या पार्किंगमध्ये 2004 पासून उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो. एरवी मी तिथून मोटारीने भुर्रकन जायचो; आता सायकलने जातो आणि तासभर उभा राहतो. जुन्या फायरहाउसमध्ये 2010 पासून कलाकेंद्र आहे, तिथे एका शेजाऱ्याशी पहिल्यांदा धड बोललो. आठ वर्षं आमच्या समोर राहणारा माणूस, आणि तो तबला शिकतोय हे मला माहीतच नव्हतं!

तर घर विकायचं का? हिशेब सांगतो, विकावं. ज्या शाळेत आता आपलं कोणी नाही तिच्यासाठी एवढा कर कशाला भरायचा? आमच्या ओळखीच्या चार कुटुंबांनी मूल कॉलेजला गेल्याबरोबर पाटी लावली. त्यांना नावं ठेवत नाही. जंक्शनवर माणसं गाडी बदलायलाच येतात. पण मिरजेला काही माणसं राहतातही, आणि ती राहतात म्हणून मिरज हे नुसतं स्टेशन नाही, गाव आहे. बायको म्हणते, आणखी दोन वर्षं बघू. मी हो म्हटलंय.

तेव्हा उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी इकडे आलात तर स्टेशनाजवळच्या बाजारात चक्कर टाका. मी तिथे मक्याच्या कणसांपाशी उभा असेन. बाजार झाला की पोहे आमच्याकडे. मुलांच्या मार्कांचा विषय मात्र काढायचा नाही!