नाताळ एका रात्रीत उरकू नका

नाताळच्या तयारीसाठी चर्चने फार पूर्वीच चार आठवडे राखून ठेवलेले आहेत. ख्रिस्तजन्माआधीच्या चार रविवारांचा हा आगमनकाळ. हिरव्या चक्रातील एकेक मेणबत्ती दर रविवारी पेटवायची आणि सणाकडे सावकाश जायचे, अशी ती रीत आहे. सणही एका दिवसाचा नाही. २५ डिसेंबरला सुरू झालेला नाताळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागूश, चांदोर, कासावली येथे तो दिवस आजही थाटाने साजरा होतो. म्हणजे तयारी आणि आनंद मिळून जवळजवळ सहा आठवडे आपल्या हाताशी असतात. आपण मात्र हा सारा पसारा २३ च्या दुपारपासून २५ च्या दुपारपर्यंतच्या अठ्ठेचाळीस तासांत कोंबतो. तरुणांना ते झेपते. घरातील सत्तरी ओलांडलेल्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना ते झेपतेच असे नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ ते २०१३ या काळातील हृदयविकाराच्या झटक्यांच्या राष्ट्रीय नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ डिसेंबरला झटक्यांचे प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक आढळले आणि त्या दिवशीचा कळस रात्री दहाच्या सुमारास दिसला. पंचाहत्तरीपुढील व्यक्ती, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले रुग्ण यांच्यात ही वाढ अधिक ठळक होती. असा अभ्यास नेमके कारण सिद्ध करू शकत नाही. परंतु जागरण, जड जेवण, मद्य, भावनांची खळबळ आणि धावपळ हे सारे त्या एका संध्याकाळी एकत्र येते, हे आपण आपल्या घरातही पाहतो. वसई, वांद्रे, मडगाव असो वा अहिल्यानगर, २४ ची रात्र सगळीकडे तशीच असते.

यात एका गोष्टीची भर मी वैद्यक म्हणून घालीन. सणाच्या रात्री ज्येष्ठ माणसे दुखणे सांगत नाहीत. घर पाहुण्यांनी भरलेले असते, नातवंडे नवे कपडे घालून उभी असतात, आणि अशा वेळी आपल्यामुळे सणावर विरजण पडू नये असे त्यांना वाटते. मग छातीतील जडपणाला ‘गॅस झाला’ म्हटले जाते आणि तासन्‌तास वाया जातात. मधुमेही व्यक्तीत तर छातीत कळ येईलच असेही नाही. अचानक लागलेली धाप, दरदरून घाम, मळमळ, विलक्षण थकवा एवढीच खूण असू शकते. म्हणून घरातील एका जाणत्या माणसाने त्या दिवशी आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावे, ‘काही वाटले तर लगेच सांगा, मिस्सा चुकली तरी चालेल.’ हे वाक्य उच्चारलेले असले की त्यांचा संकोच पुष्कळ कमी होतो. अशी लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मिस्सा, उपवास आणि गोळ्या

मध्यरात्रीच्या मिस्सेचे आकर्षण मला समजते. चर्चच्या पटांगणात थंडीत उभे राहून गाणी ऐकण्याची पन्नास वर्षांची सवय एका सल्ल्याने सुटत नाही, आणि सुटावी असा माझा आग्रहही नाही. प्रकृती बरी असेल तर अवश्य जावे. मात्र दुपारी दीड-दोन तास झोप काढावी, कानटोपी व शाल घ्यावी, आणि बसण्याची जागा आधी राखून ठेवावी. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे, ज्यांचा तोल जातो, त्यांच्यासाठी २४ ची संध्याकाळची मिस्सा किंवा २५ ची सकाळची मिस्सा असते. ती कमी प्रतीची नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी धर्मगुरूंना वेळेत कळवले तर ख्रिस्तप्रसाद घरी आणून देण्याची सोय होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही पाळकांना सांगितल्यास घरी प्रार्थना होऊ शकते. नाताळच्या दोन दिवस आधी किंवा नंतर घरी झालेली अशी शांत प्रार्थना अनेक वृद्धांना गर्दीतील सोहळ्याहून अधिक समाधान देते.

ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या उपवासाबद्दल विशेष लिहायला हवे, कारण त्यातून मधुमेहींचे नुकसान होते. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्यांचे बालपण कडक नियमांत गेले. पूर्वी मध्यरात्रीपासून उपवास असे. १९५७ मध्ये तो तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. इतकेच नव्हे, तर सध्याच्या कॅथलिक धर्मविधीनुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ख्रिस्तप्रसाद घेता येतो. ‘आणि त्यांची शुश्रूषा करणारे’ हे शब्द सुनांनी, मुलींनी व घरच्या मदतनीस बाईंनी लक्षात ठेवावेत. आजी ऐकत नसतील तर डॉक्टरांपेक्षा फादरांकडून हे वदवून घ्यावे. ते अधिक लागू पडते.

मधुमेहींनी २४ ला रात्रीचे जेवण नेहमीच्याच वेळी घ्यावे आणि त्या जेवणाची गोळी किंवा इन्सुलिनही त्याच्याबरोबरच. ‘जेवण मिस्सेनंतर, पण गोळी आठ वाजताच घेतली’ हा प्रकार धोक्याचा आहे, त्यातून चर्चमध्येच साखर उतरते. हात थरथरणे, घाम, भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खाऊ घालावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. ही साखरेची पुडी मिस्सेला जाताना कुणाच्या तरी खिशात असावी.

लघवीची गोळी हा असाच दुसरा विषय. चर्चमध्ये उठबस नको म्हणून ती टाळली जाते आणि मग २५ च्या पहाटे धाप लागते. गोळी टाळू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना चार दिवस आधी विचारा. त्याच वेळी पुढील तीन आठवड्यांची सारी औषधे आणून ठेवा. सुट्टीच्या दिवसांत औषधाचे दुकान शोधत फिरण्याइतका निरर्थक ताण दुसरा नाही.

ताटात काय, किती

नाताळच्या फराळावर मी बंदी घालणार नाही. सणाला सगळे खात असताना एखाद्याच्या पुढे उकडलेली भाजी ठेवणे ही क्रूरता आहे, आणि ती चालतही नाही. माणसे मग फडताळातून चोरून खातात. वसई-मुंबईकडच्या घरांतील करंज्या, कलकल, फुगे, गोव्याकडचे दोदोल आणि बेबिंक, अहिल्यानगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांतील लाडू, चकली, शेव हे सारे तळण, साखर, गूळ, नारळ यांनी समृद्ध आहे. मधुमेह आटोक्यात असेल तर जेवणानंतर एकच गोड पदार्थ, छोट्या बशीत, मिटक्या मारत खावा आणि त्या जेवणातील भात किंवा पाव तेवढा कमी करावा. डबा समोर उघडा ठेवून गप्पा मारणे मात्र टाळावे, कारण हात आपोआप डब्याकडे जात राहतो.

गोडापेक्षा मला मिठाची काळजी अधिक वाटते, कारण तिच्याकडे कुणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ सुचवलेले आहे. खारवलेले मांस, चोरीस, लोणचे, चकली यांतून ते सहज ओलांडले जाते. रक्तदाब असलेल्यांना आणि हृदय दुर्बल असलेल्यांना त्याची किंमत दोन दिवसांत मोजावी लागते. पायांवर सूज येते, उताणे झोपता येत नाही. अशा रुग्णांनी या पंधरवड्यात रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते चरबीचे नसून साठलेल्या पाण्याचे असते. डॉक्टरांना लगेच कळवावे. सोरपोतेलात डुकराच्या मांसाबरोबर काळीजही असते आणि काळजामुळे युरिक ॲसिड वाढते. गाऊटच्या रुग्णाने त्यासोबत मद्यही घेतले तर अंगठ्याचा ठणका ठरलेलाच. याच सोरपोतेलाचा एक गुण मात्र यजमानांच्या उपयोगाचा आहे. ते दोन दिवस मुरले की अधिक चवदार लागते. २२ ला करून शीतकपाटात ठेवावे, वाढण्यापूर्वी लागेल तेवढेच चांगले उकळावे. २४ चा अर्धा दिवस मोकळा होतो.

घरच्या द्राक्षांच्या वाइनचा पेला ज्येष्ठांपुढे प्रेमाने केला जातो. झोपेची गोळी, मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे यांच्याशी मद्याचे जमत नाही. रात्री साखर उतरणे, तोल जाऊन पडणे असे प्रकार त्यातून होतात. आग्रह करू नये. त्याच पेल्यात कोकम सरबत दिले तरी शुभेच्छा पोहोचतात.

काम द्या, पण बसून करण्याचे

ज्येष्ठांना ताण दोन प्रकारे येतो. कधी सारे त्यांच्यावर पडते, तर कधी ‘तुम्ही आता नुसते बसा’ म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवले जाते. दुसरा प्रकार अधिक बोचतो. चाळीस वर्षे ज्या बाईच्या हाताची करंजी साऱ्या आळीत नावाजली, तिला सून आणि नात ओट्यापाशी वावरताना पाहत नुसते बसायला लावणे बरे नव्हे. कलकल वळणे हे काम तिच्यासाठीच जणू शोधलेले आहे. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि गुंडाळायची. खुर्चीत बसून, भोवती नातवंडे घेऊन हे होते, आणि बोटांच्या सांध्यांनाही हालचाल मिळते. संधिवात असेल तर अर्ध्या तासाने थांबावे. तळणाचे काम दुसऱ्याने करावे. आगमनकाळाच्या प्रत्येक शनिवारी एकच पदार्थ ठेवला, तर महिनाभरात डबे भरतात आणि कुणाची कंबर धरत नाही. आजींकडून पाककृती ऐकत एखाद्या नातीने ती वहीत उतरवून घ्यावी. ‘अंदाजाने’ या शब्दापाशी दोघी पुष्कळ वेळ अडतील, आणि त्या भांडणातही गंमत असते.

आजोबांकडे गव्हाणीचा देखावा सोपवावा. टेबलावर, बसून. तारा टांगण्यासाठी स्टुलावर चढणे मात्र नाही. दिव्यांच्या माळांच्या तारा चालण्याच्या वाटेवरून जाऊ देऊ नयेत, न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा, आणि पाहुण्यांच्या चपला दारातच ढीग होऊन पडणार नाहीत हे पाहावे. डिसेंबरात माझ्याकडे येणारी खुब्याची आणि मनगटाची कितीतरी दुखणी याच तीन ठिकाणची असतात.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या घरी वेळापत्रक आणखी सैल ठेवावे लागते. सूर्य मावळू लागला की अशांचा गोंधळ आणि अस्वस्थता अनेकदा वाढते. त्यात लुकलुकणारे दिवे, मोठा आवाज आणि अनोळखी वाटणारे चेहरे आले की ती घाबरतात, चिडतात. म्हणून भेटीगाठी सकाळी ठेवाव्यात, एका वेळी दोघे-तिघेच यावेत. आलेल्याने ‘ओळखलंस का मला?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. ‘मी तुझ्या बहिणीचा मुलगा’ असे स्वतःच सांगावे. माळांची उघडझाप बंद करून स्थिर प्रकाश ठेवावा. गाणी मात्र जरूर लावावीत, हळू आवाजात. नावे विसरलेली माणसे लहानपणीची नाताळगीते कडव्यानिशी म्हणतात, हे मी पाहिले आहे. कमी ऐकू येणाऱ्यांना भिंतीला पाठ करून, खोलीच्या शांत कोपऱ्यात बसवावे आणि गप्पा चालू असताना दूरचित्रवाणी बंद ठेवावी.

ज्या घरातील माणूस याच वर्षी गेले आहे, तिथला पहिला नाताळ कसा काढावा असे मला विचारतात. यावर औषध नाही. परंतु त्या व्यक्तीचे नावच न काढण्याचा जो अलिखित करार घरोघरी होतो, तो मला पटत नाही. मागे राहिलेल्या जोडीदाराला वाटते, सगळे विसरले. त्या व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करावी, जेवणाआधी एक मेणबत्ती लावावी, तिच्या आवडीचा पदार्थ मुद्दाम करावा. रडू आले तर येऊ द्यावे. आणि जागा, पाहुणे, पदार्थ यांतले यंदा जे नको वाटते ते सोडून द्यावे, पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू करता येते.

मुले परदेशी असतील तर फोनची वेळ आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवावी. दुबई आपल्यामागे दीड तास, लंडन या दिवसांत साडेपाच तास, टोरंटो साडेदहा तास. टोरंटोला २५ ची सकाळ सातला उजाडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. चहा घेत बोलायला ही उत्तम वेळ. न ठरवलेला फोन मध्यरात्री वाजतो किंवा वाजतच नाही, आणि आई दिवसभर फोन उशाशी घेऊन बसते.

शेवटी, राहिलेल्या भेटी. २५ ला ज्या घरी जाणे जमले नाही, तिथे २८ ला जा, नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी जा. तारा ६ जानेवारीपर्यंत दारात लागलेलाच आहे. तो उतरवण्याच्या दिवशी घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब, वजन आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्या. तारा उतरवायला मात्र स्टुलावर नातवाला चढू द्या, आजोबांनी खाली उभे राहून सूचना कराव्यात.