जादूची बाटली आणि घरातली बाटली

लुईस कॅरोल यांच्या १८६५ सालच्या गोष्टीतल्या ॲलिसला टेबलावर एक बाटली सापडते. प्यायचे आमंत्रण देणारी चिठ्ठी तिच्या गळ्यात अडकवलेली. पोरगी हुशार, बाटलीवर कुठे ‘विष’ लिहिले आहे का, ते आधी पाहते. तसे काही दिसत नाही, म्हणून चाखते. अननस, टॉफी, लोणी लावलेला गरम टोस्ट, सगळ्यांची चव एकत्र! ती बाटली संपवते आणि वीतभर होते.

आमच्या रुग्णालयात येणाऱ्या ॲलिस दोन-तीन वर्षांच्या असतात. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शीतपेयाच्या बाटलीतले रॉकेल किंवा फिनाइल प्यायलेले असते.

जादूच्या गोष्टीत औषधाचे रूप आणि चव लेखक ठरवतो. हॅरी पॉटरमधल्या प्राध्यापक ल्युपिन यांचे औषध अतिशय बेचव असते आणि साखर घातली तर निकामी होते. खऱ्या जगात मात्र चवीवर भरवसा ठेवता येत नाही. गाडीच्या कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल गोड लागते, पण ते मूत्रपिंडे निकामी करते. आईसाठी आणलेल्या लोहाच्या लाल, गोड लेपाच्या गोळ्या मुलाला चॉकलेटसारख्या वाटतात. जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततात.

म्हणून बाटलीचाही विचार झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विषाच्या बाटल्या निळ्या-हिरव्या, खरखरीत रेघांच्या काचेच्या असत. अंधारातही हाताला कळावे म्हणून. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये दाबून फिरवायचे झाकण आले. त्याआधी १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये डेनाटोनियम हा कमालीचा कडू पदार्थ सापडला. आज तो काही घरगुती रसायनांत मुद्दाम मिसळतात.

पण आपण फिनाइल पाण्याच्या बाटलीत ओतले, की खुणेची बाटली आणि झाकण दोन्ही वाया जातात. म्हणून रसायन त्याच्या मूळ बाटलीतच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवा. औषधाला ‘खाऊ’ म्हणू नका.

तरीही अपघात झाला, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. रॉकेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात येताना ती बाटली सोबत आणा. उपचार ठरवताना आम्ही सर्वांत आधी तीच मागतो.