पायथन कोणत्या कपाटात?

मुलांनो, पायथन कुठे सापडेल? काही जण म्हणतील, प्राणिसंग्रहालयात. शाळेत प्रोग्रामिंग शिकणारे म्हणतील, कॉम्प्युटरवर! दोन्ही उत्तरे बरोबर. म्हणूनच पब्लिक लायब्ररीत पायथनच्या जागा दोन. अजगराच्या कुळातला साप ५९७.९६ क्रमांकाखाली, तर १९९१ साली आलेली पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ००५.१३३ खाली.

ही क्रमांकांची पद्धत अमेरिकेतील ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केली. पुढे आपल्याकडच्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे.

पुस्तकाला जशी जागा असते, तशी प्रश्नालाही असते. "माझा प्रोग्राम चालत नाही" एवढेच म्हटले, तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो. म्हणून आधी आपणच तीन गोष्टी पाहाव्यात :

१) कंस किंवा स्वल्पविराम चुकला आहे का? मग प्रश्न भाषेच्या नियमांचा. कपाट ००५.१३३.

२) प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकीचे येते? मग प्रश्न बहुधा रीतीचा. कपाट ००५.१. इथे कधी कधी गणिताच्या बाईच जास्त उपयोगी पडतात.

३) मित्राकडे चालणारा प्रोग्राम आपल्याकडे चालत नाही? मग आपला कॉम्प्युटर आणि त्यावर भरलेल्या गोष्टी तपासाव्यात. सुरुवात ००४ पासून करावी.

भलत्या जागी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि मुलाला वाटते, आपल्याला हे जमणारच नाही. आम्हां शिक्षकांना याचीच काळजी वाटते. खरे तर प्रश्न वाईट नसतो, त्याचा फक्त पत्ता चुकलेला असतो.

पालकहो, तुम्हांला प्रोग्रामिंग येत नसले तरी चालेल. "हा प्रश्न कोणत्या कपाटातला?" एवढे जरूर विचारा. उत्तर शोधता शोधता मुलाची अर्धी अडचण सुटते.

या आठवड्याचा गृहपाठ : ड्युईंच्या पद्धतीत मराठी भाषा ४९१.४६ आणि मराठी साहित्य ८९१.४६ येथे येते. आपल्या गावच्या लायब्ररीत तिथे काय आहे ते पाहून या. काही लायब्रऱ्या परभाषांची पुस्तके वेगळी ठेवतात. तसे असेल तर ग्रंथपालांना विचारा. नेमके काय विचारायचे, ते आता तुम्हांला ठाऊक आहेच!