खेळयंत्राची पाटी कोरी करतांना

बिऱ्हाड हलवितांना मनुष्य काय करतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो आपलें सामान बाहेर काढतो, दुधाचा व वर्तमानपत्राचा रतीब बंद करतो, जागा झाडून घेतो आणि अखेरीस किल्ली मालकाच्या हातीं देतो. क्रम चुकला आणि सामान आंत असतांनाच किल्ली दिली, तर पस्तावण्याची पाळी येते. हातांत धरून खेळावयाचें खेळयंत्र दुसऱ्यास देतांना जें करावें लागतें, तें याच जातीचें आहे. त्यास 'फॅक्टरी रीसेट' म्हणतात. यंत्र कारखान्यांतून ज्या स्थितींत निघालें, त्या स्थितीस तें परत नेणें, इतकाच त्याचा अर्थ.

पुण्यासारख्या शहरांत हा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. थोरला मुलगा महाविद्यालयांत गेला कीं त्याचें यंत्र धाकट्या चुलतभावाकडे जातें. एखादें बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीकडे दुरुस्तीस निघतें. एखादें जुन्या बाजाराची वाट धरतें. देणारा सहज देतो. परंतु यंत्राबरोबर आपण आणखी काय देत आहों, याचा विचार फार थोडे करतात.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. 1990 नंतरच्या दशकांत मुलांच्या हातीं जे 'ब्रिक गेम' असत, त्यांतील बहुतेक सेल काढतांच सर्वाधिक गुणांचा आकडाहि विसरत. 21 एप्रिल 1989 रोजीं जपानांत निघालेल्या निन्टेंडोच्या 'गेम बॉय'ची तऱ्हा थोडी निराळी होती. तेथें कित्येक खेळांची प्रगति यंत्रांत न राहतां कार्ट्रिजमध्यें राही, आणि ती स्मृति बटणाएवढ्या बॅटरीवर जगे. बॅटरी संपली कीं प्रगतिहि संपली. यंत्र स्वतः कांहींच लक्षांत ठेवीत नसल्यामुळें तें कोणासहि निर्धास्तपणें देतां येई.

3 मार्च 2017 रोजीं बाजारांत आलेलें 'निन्टेंडो स्विच' किंवा 2022 सालीं आलेलें 'स्टीम डेक' हीं यंत्रें मात्र पुष्कळ कांहीं लक्षांत ठेवतात. घरच्या वायफायचा संकेतशब्द, मालकाचें खातें, मित्रांची यादी, टिपलेलीं चित्रें हें सर्व त्यांत असतें. वडिलांचें क्रेडिट कार्ड खात्यास जोडलेलें असेल आणि खातें यंत्रावर तसेंच राहिलें असेल, तर यंत्र ज्याच्या हातीं, दुकानाचें दारहि त्याच्याच हातीं जातें.

येथें तीन निरनिराळ्या क्रियांची गल्लत होते. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करणें ही पहिली; अडकलेलें यंत्र पुष्कळदां तेवढ्यानेंच शुद्धीवर येतें व कांहीं पुसलें जात नाहीं. खेळांची प्रगति राखून बाकीची व्यवस्था पूर्ववत् करणें ही दुसरी. स्विच पूर्ण बंद करून आवाजाचीं दोन्ही बटणें दाबून धरावीं व मग पॉवरचें बटण दाबावें, म्हणजे जी दुरुस्तीची यादी उघडते, तींत ही सोय आहे. सर्व कांहीं पुसणें ही तिसरी. ती सेटिंग्जमध्यें 'सिस्टिम' या सदराखालीं अगदीं शेवटीं सांपडते. यंत्र घरींच ठेवावयाचें असेल तर पहिल्या दोन क्रिया करून पाहाव्या. तिसरी यंत्र परक्या हातीं जाणार असेल तेव्हांच करावी.

कोणती वस्तु कोठें राहते, हें त्यापूर्वीं नीट समजून घेतलें पाहिजे. स्विचमध्यें खेळाची प्रगति यंत्राच्या अंतर्गत स्मृतींतच असते. ती खेळाच्या कार्डांत नसते व मायक्रो एसडी कार्डांतहि नसते. म्हणून कार्डें जपून ठेवलीं तरी दोन वर्षांची प्रगति एका बटणासरशी नाहींशी होऊं शकते. विकत घेऊन उतरविलेल्या खेळांची गोष्ट वेगळी. त्यांची खरेदी खात्यावर नोंदलेली असते. ते नव्या यंत्रावर पुन्हां उतरवितां येतात. याचा अर्थ असा कीं, पैशानें घेतलेलें परत मिळतें, परंतु मुलानें स्वतःच्या कष्टानें मिळविलेलें मिळत नाहीं.

तें वांचविण्याचे मार्ग दोन आहेत. एक, वर्गणी भरून मिळणारी क्लाउडची सोय. मात्र ती प्रत्येक खेळास लागू नाहीं. दुसरा, जुन्या स्विचवरून नव्या स्विचवर प्रगति हलविणें. यास वर्गणी लागत नाहीं. परंतु दोन्ही यंत्रें जवळ, इंटरनेटला जोडलेलीं व एकाच खात्याचीं असावीं लागतात. म्हणून नवें यंत्र हातीं येण्यापूर्वीं जुनें पुसूं नये.

पुसणें म्हणजे काय, हेंहि पाहूं. एखाद्या ग्रंथालयांतील सूचीचीं कार्डें जाळलीं तरी कपाटांतील पुस्तकें जागच्या जागींच असतात. साध्या पुसण्यानें स्मृतिपत्रांत बहुधा एवढेंच घडतें. शोधणारा चिकट असेल तर त्यास मजकूर सांपडूं शकतो. कित्येक आधुनिक यंत्रें मजकूर गुप्त लिपींत ठेवतात व रीसेटच्या वेळीं तिची किल्लीच नष्ट करतात. मग पुस्तकें राहिलीं तरी वाचतां येत नाहींत. स्विचवर रीसेट केल्यानें मायक्रो एसडी कार्ड मुळींच पुसलें जात नाहीं. तें काढून घरींच ठेवावें, हेंच उत्तम.

सारांश, क्रम असा ठेवावा. प्रथम प्रगति सुरक्षित करावी. मग खात्याचा संबंध तोडावा. नंतर कार्डें काढावीं. बॅटरी भरून घ्यावी. आणि सर्वांत शेवटीं पुसण्याची आज्ञा द्यावी. ती पुरी होईपर्यंत यंत्र बंद करूं नये. यंत्र सुरूच होत नसेल तर दुसऱ्या साधनावरून खात्याचा संकेतशब्द बदलावा आणि सर्व यंत्रांवरील प्रवेश रद्द करावा.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या माहितीपुस्तकांत सांपडणार नाहीं. त्या यंत्रांत मुलानें वसविलेलें एखादें गांव असतें, बहिणीबरोबर जिंकलेली एखादी शर्यत असते. वडील माणसांस तो निव्वळ खेळ वाटतो. परंतु पुसल्यावर समजूत काढणें कठीण. म्हणून शेवटचें बटण दाबण्यापूर्वीं ज्याचें तें यंत्र, त्यास एकदां विचारावें, आणि शक्य तर तें बटण त्याच्याच हातानें दाबूं द्यावें.