पराभव मान्य केला, म्हणजे निकाल लागला का?

मतमोजणीच्या दिवशी दुपारनंतर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. काही फेऱ्या शिल्लक असतानाच पिछाडीवरचा उमेदवार ‘जनतेचा कौल मान्य आहे’ असे सांगून केंद्राबाहेर पडतो आणि समोरच्या गोटात गुलाल उधळला जातो. उरलेल्या फेऱ्यांत चित्र पालटले, तर ही कबुली त्याच्यावर बंधनकारक ठरते काय?

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध नकारार्थी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये पराभव मान्य करण्याची तरतूदच नाही. उमेदवाराला माघार घेता येते ती कलम ३७ नुसार, तीही अर्ज मागे घेण्याच्या मुदतीत आणि लेखी. त्यानंतर तो स्वतःला शर्यतीतून बाद करू शकत नाही. कलम ६६ प्रमाणे मोजणी पूर्ण झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी निकाल घोषित करतो आणि तोच निकाल. शेवटी मते मतदारांनी दिलेली असतात. उमेदवाराने तोंडी सोडून द्यावीत अशी ती त्याची मिळकत नव्हे.

अमेरिकेतही हीच स्थिती आहे. नोव्हेंबर २००० मध्ये अल गोर यांनी मध्यरात्रीनंतर जॉर्ज बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला आणि फ्लोरिडातील अंतर घटल्याचे कळताच पुन्हा दूरध्वनी करून तो शब्द मागे घेतला. त्यावर कायदेशीर हरकत निघाली नाही. पुढे १३ डिसेंबरला त्यांनी पराभव मान्य केला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर.

आपल्याकडची खरी मेख निराळीच आहे. ती १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ६३ मध्ये दडलेली आहे. मोजणी संपल्यावर अधिकारी प्रत्येकाच्या मतांची बेरीज जाहीर करतो. तेव्हा उमेदवार वा त्याच्या प्रतिनिधीला कारणे देऊन लेखी फेरमोजणी मागता येते. अधिकाऱ्याने नमुना २० मधील निकालपत्रकावर स्वाक्षरी केली की तो मार्ग बंद. स्वाक्षरीपूर्वी अर्जासाठी वाजवी संधी द्यावी, असे नियम सांगतो. पण ती त्या वेळी हजर असलेल्यांना! कबुलीने हक्क जात नाही, घरी निघून गेल्याने मात्र जाऊ शकतो.

कांजूरमार्गच्या मतदाराला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हा परिसर ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात मोडतो. २००९ मध्ये येथे संजय दिना पाटील यांनी किरीट सोमय्या यांचा अवघ्या २,९३३ मतांनी पराभव केला होता. लाखोंच्या मतदारसंघात हे अंतर एखाद-दुसऱ्या फेरीचे!

वायव्य मुंबईत २०२४ साली तर ते आणखी आक्रसले. मतदान यंत्रांतील मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मते धरल्यावर वायकर ४८ मतांनी विजयी झाले. या एका मताच्या आघाडीवर कोणी पराभव मान्य केला असता, तरी अधिकाऱ्याला टपाली मते बाजूला ठेवता आली नसती.

निकाल घोषित झाल्यावर उरतो तो निवडणूक याचिकेचा मार्ग. कीर्तिकर यांनी तो अवलंबला. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. ही याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते. विशेष म्हणजे कलम ८१ प्रमाणे ती केवळ उमेदवारालाच नव्हे, तर त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला करता येते, मग त्याने प्रत्यक्ष मतदान केलेले असो वा नसो. तेव्हा पराभूत उमेदवाराने विजयी प्रतिस्पर्ध्याला पेढा भरवला असला, तरी कांजूरमार्गचा एखादा मतदार कायद्याने मान्य केलेल्या कारणांवर त्या निवडणुकीला उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकतो. त्यासाठी अनामत भरावी लागते दोन हजार रुपये. वकिलाचा खर्च अर्थातच वेगळा.