तयार होणारे फॉन्ट ठेवायचे कुठे?

प्रतिनिधी

एका संगणकावर विनासायास तयार होणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर नेताच अडून बसते, हा अनुभव संगणकतज्ज्ञांना नवा नाही. सॉफ्टवेअरसोबतची माहितीपुस्तिका ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीतून तयार होत असेल, तर या अडचणीचे मूळ कधीकधी एका साध्या प्रश्नात सापडते. काम सुरू असताना आपोआप तयार होणारे फॉन्ट ठेवायचे कुठे?

मुळात फॉन्ट ‘तयार होतो’ म्हणजे काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड नथ यांनी टेकच्या जोडीला ‘मेटाफॉन्ट’ ही प्रणाली विकसित केली. तीत अक्षराचे चित्र नव्हे, तर ते रेखाटण्याची गणिती कृती साठविलेली असते. छपाईची घनता, उदाहरणार्थ इंचाला ६०० ठिपके, निश्चित झाली की त्या कृतीवरून ठिपक्यांचा फॉन्ट बनतो. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये देवनागरीसाठीही मेटाफॉन्टमध्ये अक्षरे रचली होती.

हे काम दरवेळी नव्याने करणे वेळखाऊ असल्याने तयार फॉन्ट पुढील वापरासाठी जपून ठेवले जातात. लिनक्समधील फोल्डरांची रचना सांगणाऱ्या प्रमाणकाच्या २००४ च्या आवृत्तीने त्यांच्यासाठी ‘/व्हार/कॅश/फॉन्ट्स’ ही सामायिक जागा सुचविली होती. ‘टेक लाइव्ह’ हा संच मात्र सर्वसाधारणपणे ते वापरकर्त्याच्या ‘होम’ फोल्डरात ठेवतो.

घरच्या संगणकावर या दोन्ही सोयी चालतात. सॉफ्टवेअरची बांधणी करणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर मात्र त्याच अडचणीच्या ठरतात. ‘डेबियन’च्या बांधणी यंत्रांवर वापरण्याजोगे होम फोल्डर नसते. सामायिक फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसली, तर फॉन्ट ठेवायला जागाच उरत नाही आणि फॉन्ट न सापडल्याचे सांगून पीडीएफचे काम थांबते.

याच्या उलट धोका अधिक फसवा आहे. विकसकाच्या संगणकावर पूर्वी केव्हातरी तयार झालेला फॉन्ट पडून असतो. बांधणी तोच उचलते, काम यशस्वी होते आणि चूक झाकली जाते. मूळ संहिता तीच असताना दोन ठिकाणी दोन निराळी फळे मिळू शकतात. मग तयार सॉफ्टवेअर खरोखर त्याच संहितेपासून बनले आहे, त्यात मध्येच कोणी काही घुसडलेले नाही, हे पडताळून पाहणे कठीण होते.

म्हणूनच डेबियनच्या नियमावलीनुसार बांधणीने आपल्या कामाच्या फोल्डराबाहेर लिहू नये. तात्पुरत्या फायलींच्या जागांना सवलत आहे. परंतु तेथे आधीपासून असलेल्या गोष्टींवर विसंबता येत नाही. उपायही सोपा आहे. ‘व्हारटेकफॉन्ट्स’ या चलाला बांधणीच्या फोल्डरातीलच एका उपफोल्डराचा पत्ता द्यावा आणि साफसफाईच्या टप्प्यात तो पुसून टाकावा. शक्य असेल तेथे कोणत्याही घनतेला चालणारे बाह्यरेषांचे फॉन्ट वापरावेत, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

खात्री करून घ्यायची असल्यास होम फोल्डर नसलेल्या नव्या वापरकर्त्याच्या नावे एकदा बांधणी करून पाहावी. तेथे काम पूर्ण झाले, तर ते इतरत्रही पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.