माजाचे इंजेक्शन : गाय आधी तपासा, बायामाणसांना दूर ठेवा

या सदरात एरवी माणसांच्या दुखण्यांविषयी वाचायला मिळते. मी जनावरांचा डॉक्टर. आजचा विषय गोठ्यातला असला तरी घरातल्या माणसांशीही त्याचा संबंध आहे.

मध्यंतरी एका वस्तीवर गेलो होतो. "डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले, गाय माजावर येत नाही. माजाचं इंजेक्शन टाका," मालक म्हणाले. दुकानातून आणलेली कुपी घेऊन सूनबाई आल्या. त्या सहा महिन्यांच्या गरोदर. मी आधी त्यांच्या हातातली कुपी घेतली, मग गाय तपासली. गाय गाभण निघाली!

या कुपीत प्रोस्टाग्लँडिन असते. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ च्या सुमारास हे नाव दिले. हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असा तेव्हा समज होता. पुढे कळले की तो शरीरात जवळजवळ सगळीकडे तयार होतो. काम संप्रेरकासारखे, पण बहुधा जागच्या जागी करून लगेच नाहीसा होतो. पाळीच्या वेळी बायकांच्या पोटात कळा येतात, त्यामागेही हाच.

गाईचे ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचे. अंडाशयातून बीज सुटले की त्या जागी पीतपिंड नावाची गाठ तयार होते. तिच्यातून प्रोजेस्टेरॉन पाझरते, आणि ती आहे तोवर माज नाही. सोळा-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते. ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरत गेले तर बरेचसे फुफ्फुसातच नष्ट होईल. पण गर्भाशयाची शीर अंडाशयाच्या धमनीला बिलगलेली असते. तिथून ते परस्पर झिरपते, पीतपिंड विरतो आणि गाय माजावर येते. इतकी वर्षे गाई तपासतो आहे, पण या आडवाटेचे मला अजून नवल वाटते.

पोटात गर्भ असेल तर? तो त्याच सुमारास इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन सोडून गर्भाशयाला आवरतो. पीतपिंड टिकतो, गर्भही टिकतो. इंजेक्शन मात्र गर्भाचे ऐकत नाही. त्या गाईला ते टोचले असते तर ती गाभडली असती. शिवाय माजानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत पीतपिंड कोवळा असतो, तेव्हा टोचून उपयोगही होत नाही. म्हणून तपासणीआधी इंजेक्शन मागू नका.

आता माणसांचे. हे औषध कातडीतूनही अंगात जाते. गरोदर बाईचा त्याने गर्भपात होऊ शकतो, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आकसू शकतात. या दोघांनी कुपीला, सुईला हातच लावू नये. इतरांनीही हातमोजे घालावेत. अंगावर सांडले तर लगेच साबण-पाण्याने धुवावे. दम लागला किंवा पोटात कळा आल्या तर कुपी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. ते कोणते औषध होते, हे तिथल्या डॉक्टरांना त्या कुपीवरूनच कळेल.